प्रकल्प नोंदी: मालवणच्या सिटीची अलॉय चाकं

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

दिवाळी आटोपल्यावर मामा मालवणहून कोल्हापूरला आले, गाडी माझ्याकडे ठेवली आणि एस.टी.ने परत गेले. २००२ ची होंडा सिटी, तिला नंतर बाहेरून बसवलेली १४ इंची अलॉय चाकं. पाच आरे चंदेरी रंगाचे, बाहेरची कड लेथवर कातून चमकवलेली, आणि या सगळ्यावर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लॅकरचा थर. निघताना मामा म्हणाले, "चाकां पयल्यासारखी होतली मां रे?" मी म्हटलं, मामा, आधी नीट बघू द्या.

आज गाडी सावलीत लावली, चाकं गार होऊ दिली, साध्या कार शॅम्पूने धुतली आणि चारही बाजूंनी पाहिली. जांभ्याची लाल माती आऱ्यांच्या मागच्या खोबणीत घट्ट बसली होती. ती मऊ ब्रशने निघाली. त्यानंतर खाली जे दिसलं ते चारही चाकांवर सारखं नाही.

पुढच्या दोन्ही चाकांवर तपकिरी ठिपके आहेत. नख फिरवलं तर बारीक वाळूसारखे लागतात. ही ब्रेकची धूळ. या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम. ब्रेक लावताना गाडीचं वजन पुढे येतं, त्यामुळे पुढच्या डिस्क आणि पॅड जास्त झिजतात. बिडाच्या डिस्कचे आणि पॅडचे कण तापलेले असताना उडतात, क्लिअरमध्ये रुततात आणि दमट हवेत तिथेच गंजतात. चाक गंजलेलं दिसतं, पण गंज त्या कणाचा असतो.

मागच्या डाव्या चाकाच्या कडेवर क्लिअरच्या आत पांढऱ्या, नागमोडी रेघा पसरल्या आहेत. कडेला कधीतरी दगड लागून क्लिअर फुटला, त्या फटीतून खारट ओल आत गेली आणि ॲल्युमिनियम क्लिअरखालून पोखरत गेलं. मागच्या उजव्या चाकावर वेगळाच प्रकार: वरून खाली ओघळल्यासारखे पांढुरके पट्टे. मामांना फोन करून विचारलं. पावसाळ्याआधी एका वॉशिंग सेंटरवर "ॲसिड मारून" चाकं साफ करून घेतली होती. जिथे क्लिअर आधीच उडाला होता तिथे ॲसिडने थेट धातू खाल्ला आहे.

माझ्या पाहण्यात चाकांचं जास्त नुकसान डाग काढायच्या औषधांनीच होतं. ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनने आपोआप एक थर धरतो, काही नॅनोमीटर जाडीचा, आणि तोच त्याचं चिलखत. साधारण ४ ते ८.५ या पीएचच्या दरम्यान हा थर शाबूत राहतो. त्यापेक्षा आंबट किंवा त्यापेक्षा अल्कधर्मी काहीही लावलं की विरघळायला लागतो. घरी जर्मनचं पातेलं घासणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे: धुण्याच्या सोड्याने ते काळं पडतं आणि चिंचेचं सार उकळलं की आतून लख्ख होतं. संडास धुवायचं ॲसिड चाकावर मारलं की क्षणभर अशीच लख्खता येते. पण ते हायड्रोक्लोरिक असतं, त्यातलं क्लोराइड मागे राहतं आणि धातूला भोकं पाडत जातं.

शेवटची तपासणी: पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं मेटल पॉलिश घेऊन कड जागोजागी घासली. फडकं काळं झालं तर खाली उघडं ॲल्युमिनियम, पांढरंच राहिलं तर वर क्लिअर आहे. पुढच्या दोन्ही चाकांवर फडकं पांढरं राहिलं. मागच्या दोन्हींवर पट्ट्यापट्ट्याने काळं आलं. म्हणजे कामाची सरळ वाटणी झाली: पुढची चाकं स्वच्छ करायची, मागच्यांची कड धातूपासून नव्याने करायची.

रविवार, ९ नोव्हेंबर

चाकं उतरवली. नट सुटले, पण मागचं डावं चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या भागाला, चिकटून बसलं होतं. हबचं लोखंड, चाकाचं ॲल्युमिनियम आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे एक छोटी बॅटरीच. त्यात झिजायची पाळी ॲल्युमिनियमची. दोघांच्या मध्ये पांढरी पावडर फुगते आणि चाक जाम होतं. गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घेतली, एक नट चार आटे पुरेल इतका लावून ठेवला (चाक एकदम सुटलं तर अंगावर येऊ नये म्हणून), आणि आतल्या बाजूने टायरवर रबरी हातोडा मारत चाक थोडं थोडं फिरवत गेलो. चाकाच्या धातूवर घाव घालायचा नाही, टायरवरच. सुटलं.

मग पुढच्या चाकांवर आयर्न रिमूव्हर. हे पीएचला जवळजवळ उदासीन असतं. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाला धरून जांभळं संयुग बनवतं आणि पाण्याबरोबर वाहून नेतं. केस कुरळे करायच्या लोशनमध्येही हेच रसायन असतं, वासही तसाच उग्र. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, सावलीत काम केलं. फवारल्यावर थोड्या वेळात आऱ्यांवरून जांभळे ओघळ सुटले. वाळू द्यायचं नाही. मऊ ब्रशने घोळवून भरपूर पाण्याने धुवायचं. पहिल्या खेपेला सगळे कण निघत नाहीत, वरचे निघतात तेव्हा खालचे उघडे पडतात. जांभळं येणं थांबेपर्यंत पुन्हा करत राहिलो.

डांबराचे काळे ठिपके टर्पेंटाइन लावलेल्या कापडाने पुसले. बोअरच्या पाण्याचे गोल पांढरे डाग म्हणजे चुन्याचा क्षार. त्यावर अर्धं पाणी मिसळलेलं व्हिनेगर कापडाने लावलं, क्षणभर थांबलो, धुऊन टाकलं. हे फक्त क्लिअर शाबूत असलेल्या पुढच्या चाकांवर. मागच्या उघड्या कडेवर व्हिनेगरचा थेंबही नको.

शेवटी क्ले, म्हणजे रुतलेला मळ ओढून काढणारी मळलेल्या मातीसारखी लगदी. साबणाचं पाणी फवारत क्लेचा चपटा गोळा फिरवला. जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते बोटांना कळत होतं, तेही निघालं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पुढची चाकं संपली. क्लिअर थोडा पिवळसर झाला आहे आणि धुण्याच्या ब्रशचे बारीक ओरखडे होते. गाडीच्या रंगाला लावतात तेच बारीक कंपाउंड फोमच्या पॅडवर घेऊन फिरवलं, वर सीलंट. ओरखडे गेले, पिवळेपणाची छटा राहिली.

इथे मोह होतो की चारही चाकं उघडी करून एकसारखी करावीत. मी करणार नाही. कारखान्यातला क्लिअर धातूवर आधी रासायनिक थर देऊन मग भट्टीत भाजलेला असतो. तो जिथे शाबूत आहे तिथे त्यापेक्षा चांगलं संरक्षण माझ्या अंगणात तयार होणार नाही. किंचित पिवळा पण घट्ट, हे मालवणच्या हवेत चालेल.

रविवार, १६ नोव्हेंबर

मागच्या दोन्ही चाकांचे टायर पंक्चरवाल्याकडून उतरवून आणले. टायरवरचा चार आकडी तारखेचा छाप पाहिला, टायर अजून वापरण्यासारखे आहेत. रिकामी चाकं टांगून लाकडी दांड्याने हलके ठोकून ऐकली, आतून बाहेरून भिंग लावून तडे शोधले. आऱ्याच्या मुळाशी किंवा टायर बसतो त्या पट्टीवर तडा असता तर काम तिथेच थांबवलं असतं. तडा गेलेलं चाक वेल्ड करून, वर रंग मारून विकणारे आहेत. ते चाक घ्यायचं नाही आणि करून द्यायचं नाही. या चाकांचा धातू ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम मिसळलेला असतो (बहुतेक अशा चाकांत सुमारे ७ टक्के सिलिकॉन) आणि ओतल्यावर त्याला उष्णतेचे संस्कार देऊन ताकद आणलेली असते. वेल्डच्या उष्णतेने ती ताकद त्या जागी उतरते.

आरे टेपने आणि कागदाने झाकले, कडेवर पेंट रिमूव्हर लावला. पांढऱ्या रेघांवरचा क्लिअर सालीसारखा उचलून आला. खाली राखाडी पावडर आणि तिच्याखाली उथळ खड्डे. पावडर नायलॉनच्या ब्रशने काढली. लोखंडी तारेचा ब्रश इथे वापरायचा नाही. त्याच्या तारांचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पहिल्या पावसात तपकिरी ठिपके होऊन परत येतात.

मग वॉटर पेपर. खड्ड्यांच्या जागी २४० ने सुरुवात, नंतर सगळ्या कडेवर ३२०, ४००, ६००. सगळं ओलं, बादलीतलं पाणी वरचेवर बदलत. ओलं घासण्याचं कारण नुसती सफाई नाही. ॲल्युमिनियमची सुकी बारीक धूळ पेट घेते, आणि ज्या ग्राइंडरवर लोखंड घासलं जातं तिथे गंजाची पूड आणि ॲल्युमिनियमची पूड एकत्र आली तर ते मिश्रण फार धोक्याचं. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची: आधी कडेच्या गोलाईने, पुढचा नंबर तिरका. आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. घाई केली तर ४०० च्या रेघा पुढे पॉलिशमधून वर डोकावतात आणि मग मागे येऊन सगळं पुन्हा घासावं लागतं.

एक खड्डा खोल आहे. तो पूर्ण जाईपर्यंत घासलं तर कड तिथे दबेल आणि उजेडात लाट दिसेल. टोकाशी त्याचा काळा ठिपका राहू दिला. टायर ज्या पट्टीवर हवा धरतो तिला कागद लावलाच नाही, नुसती पुसली.

दोन्ही चाकांची कड ८०० वर आणून थांबलो. हात दुखले, पण हातानेच करायचं होतं. ड्रिलला लावायच्या चकत्यांनी गोलाई राहत नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

उजवं चाक घेऊन शिवाजी उद्यमनगरात तात्यांच्या बफिंगच्या गाळ्यावर गेलो. उद्यमनगर म्हणजे बीड ओतणाऱ्यांचं, लेथवाल्यांचं गाव. सुटे भाग ओतायचे, कातायचे, चमकवायचे सगळे धंदे हाकेच्या अंतरावर. तात्या नळ, हँडल, पंपांचे भाग चमकवतात.

पूर्ण कड बफ करायची नाही, दोन आऱ्यांच्या मधला एकच तुकडा करायचा, असं आधीच ठरवलं होतं. मामांना आरसा हवा की टिकाऊपणा, हे त्यांनी डोळ्यांनी पाहून ठरवावं.

तात्यांनी आधी सायजलची, म्हणजे ताठ दोऱ्याची चकती लावली, तिच्यावर तपकिरी बार (पॉलिशच्या मसाल्याची वडी). मग सुती मॉप, म्हणजे कापडाची चकती, आणि पांढरा बार. ८ इंची मॉप मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेतो, म्हणजे त्याची कड सेकंदाला साधारण ३० मीटर वेगाने धातूवरून जाते. एवढ्या वेगात दाब द्यायची गरजच नसते. दाबलं की धातू तापतो, बार जळून काळा चिकटतो आणि कोपरे गोल होतात. तात्या दर थोड्या वेळाने तळहात लावून बघत होते. चाक धरायचंही तंत्र आहे: मॉप कडेकडून बाहेर सुटला पाहिजे, कडेवर चढता कामा नये, नाहीतर चाक हातातून हिसकलं जातं.

चमक आली, पण नळासारखी नाही, आत हलकी राखाडी झाक. तात्यांनीच सांगितलं, "ह्यो वतीव माल हाय. पत्र्यावानी पांढरा व्हनार न्हाई." बरोबर आहे. सिलिकॉनचे कठीण कण मऊ ॲल्युमिनियममध्ये विखुरलेले असतात आणि ते तसे झळकत नाहीत. शिवाय ओतताना राहिलेली सुईच्या टोकाएवढी छिद्रं बफनंतर जास्त दिसायला लागतात. पुणे जिल्ह्यात शिक्रापूरला एनकेईचा कारखाना आहे, तिथली नवी चाकं घेतली तरी धातूच्या स्वभावात फरक पडत नाही. म्हणूनच बहुतेक चाकांना आरसा न देता लेथची बारीक रेघ देतात.

पुढे म्हणाले, "आरसा पायजे आसंल तर आजून दोन मॉप मारतो. पन तिकडं समुद्राच्या वाऱ्यात टिकवायचा कुनी?"

प्रश्न नेमका होता. आरशावर क्लिअर धरत नाही, कारण त्याला पकडायला रेघच नसते. सहा-आठ महिन्यांत सोलायला लागतो. म्हणजे आरसा केला तर तो उघडाच ठेवायचा, वर मेण, आणि दर महिन्याला ते काम नव्याने. ओतीव ॲल्युमिनियमची चाकं १९२४ साली बुगाटीने टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीला लियोंच्या ग्रां प्रीत लावली, तेव्हा गाडीमागे माणसांचा ताफा होता. मामांकडे ते स्वतः आहेत आणि गुडघे दुखतात.

रविवार, २३ नोव्हेंबर

गच्चीवर प्रयोग मांडला. बफ केलेल्या तुकड्याच्या अर्ध्या भागावर मेण लावलं, अर्धा उघडा ठेवला. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राच्या पाण्याइतकंच खारं. रोज सकाळ-संध्याकाळ त्याचा फवारा मारून तसंच वाळू द्यायचं. टायर घरी नाहीत, त्यामुळे गाडी स्टँडवरच आहे, घाई नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

उघडा अर्धा भाग मळला आहे. भिंगातून पांढरे ठिपके दिसतात आणि पॉलिशने घासल्यावर काहींच्या जागी टोचल्यासारखी खूण राहिली. मेण लावलेला भाग बराच बरा आहे, पण कडेशी, जिथे मेण पातळ होतं, तिथे तीच सुरुवात. हे एका आठवड्यात, दिवसा कोरड्या हवेत. मालवणला गाडी समुद्रापासून हाकेवर उभी असते आणि पावसाळा चार महिने.

मामांना उजेडात काढलेले फोटो पाठवले: आरसा, मिठानंतरचा आरसा, आणि डाव्या चाकाची ८०० वर थांबवलेली रेशमी कड. रात्री फोन आला. आरसा आवडला होता, आवाजावरून कळत होतं. मी स्पष्ट सांगितलं, मामा, हा आरसा तुमच्याकडे शिमग्यापर्यंत टिकणार नाही, क्लिअरखालची कड टिकेल. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "तुका बरा वाटता तसा कर."

शनिवार, ६ डिसेंबर

बफ केलेला तुकडा ६०० आणि ८०० ने परत रेशमी केला, बाकीच्या कडेशी मिळवून घेतला. रेघा शेवटी एकाच दिशेने, कडेच्या गोलाईने काढल्या. क्लिअरखाली त्या लेथच्या रेघांसारख्या दिसतात.

क्लिअर मी घरी मारत नाही. टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं; फवाऱ्यातून ते छातीत गेलं तर कायमचा दमा जडू शकतो आणि साध्या कापडी मास्कने ते अडत नाही. ओळखीच्या रंगवाल्याकडे बूथ आहे आणि बाहेरून हवा देणारा मास्क आहे, तिथे दिली. त्याच्याकडे कारखान्यातला रासायनिक थर नाही, त्यामुळे पकड सगळी रेघांवर आणि सफाईवर. म्हणून चाकं त्याच्या दारातच सॉल्व्हंटने पुसली, नव्या हातमोज्यांनी, आणि नंतर उघड्या हाताने कोणी स्पर्श केला नाही. ताज्या घासलेल्या ॲल्युमिनियमला हवेत ठेवायचं नाही, त्याच दुपारी पहिला हात बसला.

एक सूचना देऊन आलो: भट्टी ६० अंशांच्या वर नेऊ नका. पावडर कोटिंगवाले १८० ते २०० अंशांवर भाजतात. चाकाला मुळात ताकद आणताना शेवटच्या टप्प्यात जी उष्णता दिली जाते तिच्याही वर ते जातं. जुन्या, कधी काय झालंय ते माहीत नसलेल्या चाकाला मी ते करणार नाही.

रविवार, १४ डिसेंबर

चाकं आली, टायर चढले. टायरवाल्याला कडेवर ठोकायची वजनं लावू दिली नाहीत. पोलादी क्लिप क्लिअर फोडते आणि तिथूनच पांढऱ्या रेघा सुरू होतात. आतल्या बाजूने चिकटवायची वजनं लावून बॅलन्स करून घेतलं.

हबचा गंज घासून काढला आणि मधल्या गोल उंचवट्यावर अँटी-सीझचा पुसट हात दिला, म्हणजे पुढच्या वेळी चाक जाम होणार नाही. स्टडच्या आट्यांना मात्र काही लावलं नाही. नट किती आवळायचा तो आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. तेलकट आट्यांवर तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. या गाडीला १०८ न्यूटन-मीटर. नट समोरासमोरचे, दोन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने.

राधानगरीपर्यंत जाऊन आलो, शंभर-एक किलोमीटर. परतल्यावर चाकं गार करून नट पुन्हा तपासले. एक किंचित सरकला, बाकी जागेवर.

उन्हात बाजूने पाहिलं तर पुढची कड मागच्यापेक्षा थोडी पिवळी आहे, ओळखणाऱ्याला कळते. डाव्या मागच्या चाकावर तो काळा ठिपका क्लिअरखाली आहे. चंदेरी आरे चारही सारखे.

मामा पुढच्या शनिवारी गाडी न्यायला येतील. त्यांच्यासाठी मराठीत मोठ्या अक्षरात लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलं आहे: चाक गरम असताना धुवायचं नाही. कार शॅम्पू, मऊ ब्रश, भरपूर गोडं पाणी. किनाऱ्यावरून आलात तर त्याच दिवशी चाकं धुवा, बाकी गाडी राहिली तरी चालेल. वॉशिंगवाल्याला ॲसिडची बाटली चाकाजवळ आणू देऊ नका. नवा क्लिअर पक्का होतोय, महिनाभर मेण किंवा पॉलिश लावायचं नाही. कडेला कुठे दगड लागून क्लिअर फुटला तर त्याच आठवड्यात कळवा, टवका छोटा असतानाच बंद करता येतो.

स्टेपनी लोखंडी आहे आणि तिच्या कडेला गंज धरलाय. मामा आले की ती उतरवून ठेवून घेणार.